वेक काउंटीत शाळेची हद्द बदलते तेव्हा पालकांनी काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नॉर्थ कॅरोलिनात, वेक काउंटीतल्या कॅरी गावाच्या पश्चिम भागात राहणारं एक मराठी कुटुंब. काही वर्षांपूर्वी एका ठरावीक प्राथमिक शाळेसाठी म्हणून त्यांनी तिच्या हद्दीत घर घेतलं. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत. आता पुढच्या वर्षीच्या एनरोलमेंट प्रस्तावात त्यांची सबडिव्हिजन, म्हणजे घरांची वसाहत, दुसऱ्या प्राथमिक शाळेला जोडली आहे. जुनी शाळा इयर-राउंड (वर्षभर चालणारी, मधे मधे छोट्या सुट्ट्या), नवी पारंपरिक कॅलेंडरची (उन्हाळ्यात एकच लांब सुट्टी). वडील विचारतात : "या शाळेसाठी आम्ही जास्त पैसे मोजले, मग असं कसं बदलू शकतात? शेजारी सह्या गोळा करताहेत, वकील लावू म्हणताहेत. आम्ही काय करावं?"

मी बरीच वर्षं शाळा-जिल्ह्यांच्या (स्कूल डिस्ट्रिक्टच्या; खाली 'जिल्हा' म्हणते तो हाच) नियोजनाचं काम केलं आहे. कुठल्या रस्त्यावरची मुलं कुठल्या शाळेत जातील याचे नकाशे आखायचं काम. तुमच्यासारख्या पालकांचा राग मी सभांमध्ये समोर बसून ऐकला आहे आणि तो मला कधीच खोटा वाटला नाही. पण तो राग ज्या दिशेनं खर्च होतो, ती दिशा बहुतेक वेळा चुकलेली असते. म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

आधी वकिलाचं. कोणत्या मुलानं कोणत्या शाळेत जायचं हे ठरवण्याचा अधिकार या राज्यात स्थानिक शिक्षण मंडळाला आहे. वेकमध्ये याची परीक्षा एकदा झालेली आहे. २००७ साली मंडळानं अनेक शाळा सक्तीनं इयर-राउंड केल्या तेव्हा 'वेक केअर्स' नावाची पालकांची संघटना कोर्टात गेली. पालकांच्या संमतीशिवाय असं करता येणार नाही, असा निकाल खालच्या कोर्टात मिळालाही. पण २००८ मध्ये अपील कोर्टानं तो फिरवला आणि २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मंडळाचाच अधिकार कायम केला. मुलाचं अख्खं वर्ष कसं विभागायचं हेही मंडळ संमतीशिवाय ठरवू शकत असेल, तर हद्दीची रेघ नक्कीच ठरवू शकतं. घराच्या जाहिरातीत लिहिलेलं शाळेचं नाव ही हमी नसते. खाली बारीक अक्षरात 'शाळेची खात्री जिल्ह्याकडून करून घ्या' असं बहुधा असतंच. तुम्ही पैसे मोजले हे खरं, पण ते घरासाठी मोजले. वकिलाच्या फीमध्ये ते आणखी घालवू नका.

आता हा प्रस्ताव मुळात का आला ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय तुम्ही मंडळापुढे जे बोलाल ते वाया जाईल.

वेक काउंटीची लोकसंख्या २००० साली सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१० मध्ये ती नऊ लाखांवर गेली आणि २०२० च्या जनगणनेत ११ लाख २९ हजार भरली. तुमच्या शेजारचं मॉरिसव्हिल त्या दहा वर्षांत १८,५७६ वरून २९,६३० वर गेलं. रिसर्च ट्रँगल पार्क या जवळच्या तंत्रज्ञान-वसाहतीतल्या नोकऱ्या आणि त्यांच्यामागून आलेली आपली कुटुंबं, हे तर तुम्ही रोज बघता. पण एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही आणि मग ते सभेत भलताच प्रश्न विचारतात. जिल्ह्याची एकूण विद्यार्थीसंख्या, सुमारे १ लाख ६० हजार, गेली काही वर्षं फारशी वाढलेली नाही. जन्मदर उतरला आहे. चार्टर शाळांवरची (सरकारी पैशानं, पण जिल्ह्याबाहेर स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांवरची) शंभराची मर्यादा राज्यानं २०११ मध्ये काढल्यापासून त्या वाढल्या आहेत. खाजगी शाळांसाठीची शिष्यवृत्ती २०२४ पासून सगळ्या उत्पन्नगटांना खुली झाली आहे. म्हणजे काउंटीच्या एका भागात वर्ग रिकामे आणि पश्चिमेला, दक्षिणेला ट्रेलरमध्ये (मैदानात ठेवलेल्या तात्पुरत्या खोल्यांत) वर्ग, असं एकाच वेळी चालू असतं. "एकूण आकडा वाढत नाही, मग गर्दी कसली?" या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. मुलं जिथं राहतात तिथं खोल्या नाहीत, आणि खोल्या उचलून नेता येत नाहीत. म्हणून रेघ हलते.

दुसरं, शाळेची क्षमता हा इमारतीवर कोरलेला आकडा नसतो. नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळानं बालवाडी ते तिसरीच्या वर्गांतली मुलांची संख्या कमी करायचा कायदा केला. आधी जिल्ह्याची सरासरी एका वर्गाला २१ मुलं असायची. नव्या नियमानं बालवाडीत १८, पहिलीत १६, दुसरी-तिसरीत १७, अशी टप्प्याटप्प्यानं २०२१-२२ पर्यंत आणली. मुलांसाठी चांगलंच आहे. पण हिशेब करा. समजा एका शाळेत या इयत्तांचे २४ वर्ग आहेत आणि प्रत्येकातून सरासरी चार मुलं कमी झाली, तर भिंती तेवढ्याच राहून ९६ जागा गेल्या. एकही नवं घर बांधलं गेलं नाही तरी शाळा 'भरली'. मग चित्रकलेची खोली जाते, संगीताचे शिक्षक गाडीवर वाद्यं ढकलत वर्गावर्गात फिरतात, मागच्या मैदानात ट्रेलर येतात. ट्रेलरनं वर्ग वाढतात. जेवणाची खोली, ग्रंथालय, स्वच्छतागृहं मात्र तेवढीच राहतात. पहिल्या जेवणाची पाळी साडेदहाला लागते ती यामुळे.

इयर-राउंडचंही असंच. त्यात मुलांचे चार ट्रॅक, म्हणजे गट, असतात. साधारण ४५ दिवस शाळा, १५ दिवस सुट्टी. कोणताही एक ट्रॅक नेहमी सुट्टीवर असतो. गावाकडे पाटाच्या पाण्याची पाळी असते तशी वर्गखोल्यांची पाळी लागते. कागदावर ६०० जागांच्या इमारतीत ८०० मुलं बसतात. प्रत्यक्षात कमीच, कारण दर इयत्तेची मुलं चार ट्रॅकमध्ये सारखी वाटली जात नाहीत. वेकनं ही पद्धत आवडीपेक्षा गरज म्हणून वाढवली. जागा मिळवायचा तो स्वस्त मार्ग होता.

"मग नवीन शाळा बांधा ना" हे वाक्य प्रत्येक सभेत ऐकू येतं. इथं शिक्षण मंडळाला कर लावायचा अधिकार नाही. पैसा काउंटी कमिशनर देतात आणि मोठ्या बांधकामासाठी बहुधा मतदारांकडून बाँड (कर्जरोखे) मंजूर करून घेतले जातात. २००६ मध्ये ९७ कोटी डॉलरचा, २०१३ मध्ये ८१ कोटींचा, २०१८ मध्ये ५४.८ कोटींचा, २०२२ मध्ये ५३ कोटींचा बाँड मंजूर झाला. पैसा आला तरी जमीन, नकाशे, परवाने यांत वर्षं जातात. आणि नवी घरं मंजूर करतं कॅरी किंवा मॉरिसव्हिलचं टाउन काउन्सिल. तिथं शिक्षण मंडळाला मत नाही. शाळांचा खर्च बिल्डरकडून वसूल करावा, असा प्रयत्न कबॅरस काउंटीनं केला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये, लॅनवेल खटल्यात, काउंटीला तो अधिकारच नाही असं सांगितलं. घरांना परवानगी एकाची, शाळेचा पैसा दुसऱ्याचा आणि मुलं बसवायची तिसऱ्यानं. या तिसऱ्याच्या हातात रेघ हलवण्याखेरीज लगेच करण्यासारखं फार थोडं असतं.

शेजारी असंही म्हणत असतील की हे सगळं 'डायव्हर्सिटी'साठी, म्हणजे वेगवेगळ्या वंशांची आणि उत्पन्नांची मुलं एकत्र आणण्यासाठी, चाललंय. ते जुन्या आठवणीवर बोलताहेत. १९७६ मध्ये रॅले शहराच्या आणि काउंटीच्या शाळा एकत्र आल्या, तेव्हापासून मिश्र शाळा ठेवायचा प्रयत्न इथं होता. २००० साली मंडळानं ठरवलं की कोणत्याही शाळेत स्वस्त किंवा मोफत जेवण घेणारी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतली, मुलं ४० टक्क्यांवर जाऊ नयेत. त्या धोरणाचं देशभर कौतुक झालं, आणि इथं त्यावर भांडणंही झाली. २००९ च्या निवडणुकीनंतर बहुमत पालटलं आणि २०१० मध्ये मंडळानं ५ विरुद्ध ४ मतांनी ते रद्द केलं. आज हद्दी आखताना चार गोष्टी मोजल्या जातात : विद्यार्थ्यांची प्रगती, स्थैर्य, जवळीक आणि व्यवस्थापनाची काटकसर. गरिबीचा एकाच शाळेत साठा होऊ नये हा विचार पहिल्या मुद्द्यात येतो, आणि माझ्या मते यायलाच हवा. पण तुमची सबडिव्हिजन हलली त्याचं कारण बहुतेक करून दोन शाळांतल्या रिकाम्या आणि भरलेल्या खुर्च्यांचा फरक एवढंच आहे.

आता काम कसं चालतं ते. काउंटीचे लहान लहान तुकडे पाडलेले असतात, त्यांना इथं 'नोड' म्हणतात. तुमची सबडिव्हिजन एखाद-दोन नोडमध्ये असेल. प्रत्येक नोडमध्ये आज कोणत्या इयत्तेची किती मुलं आहेत हे माहीत असतं. पुढचा अंदाज बांधायला जुन्या जन्मनोंदींवरून बालवाडीत किती येतील ते काढतात. मग मागच्या वर्षीच्या दुसरीतली किती मुलं यंदा तिसरीत दिसली, हे प्रमाण प्रत्येक इयत्तेसाठी पुढे लावतात. आणि मंजूर झालेल्या घरांतून किती मुलं येतील ते मिळवतात. स्वतंत्र घर, टाउनहोम, अपार्टमेंट, प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. वेकमध्ये या अंदाजांसाठी नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांची मदत घेतली जाते. मग संगणकावर नोड इकडचे तिकडे करून पाहतात.

याच अंदाजात आपल्या वस्त्यांबद्दल एक कच्चा दुवा राहू शकतो, आणि तो तुम्हीच दाखवू शकता. टाउनहोममध्ये मुलं कमी, असं सर्वसाधारण प्रमाण धरलं जातं. पण मॉरिसव्हिल आणि पश्चिम कॅरीतल्या ज्या टाउनहोममध्ये आपली तरुण कुटुंबं राहतात तिथं दारोदारी दोन दोन मुलं दिसतात. जन्मनोंदींतही ती सापडत नाहीत, कारण त्यांतली बरीच पुण्यात, हैदराबादेत किंवा न्यू जर्सीत जन्मलेली असतात. ज्या शाळेत तुम्हाला हलवताहेत ती दोन वर्षांत पुन्हा भरणार असेल, तर तुमच्या मुलाला आणखी एकदा हलवतील. हा मुद्दा कागदावर मांडलेला नियोजनाच्या माणसाला खरोखर ऐकायचा असतो. तुमच्या सबडिव्हिजनमध्ये शाळेत न गेलेली मुलं किती, पुढच्या टप्प्याची घरं कधी तयार होणार, एवढं एचओएमार्फत (घरमालकांच्या संघटनेमार्फत) मोजून द्या. त्याचं वजन पाचशे सह्यांपेक्षा जास्त असतं.

सह्यांबद्दल जरा बोलते. 'आमची सबडिव्हिजन हलवू नका' एवढंच म्हणणारी अर्जाची पानं मी शेकड्यांनी वाचली आहेत. त्यातून मंडळाला कळतं की लोक नाराज आहेत. ते त्यांना आधीच ठाऊक असतं. समजा शाळेत जागा ७५० आणि मुलं ८४०. प्रस्तावानं ९० मुलं हलवली, त्यात तुमची ५५. तुम्ही राहायचं म्हणता, तर ती ५५ दुसऱ्या कोणाची असतील ते सांगायला हवं. 'आमच्याऐवजी अमुक नोड घ्या' म्हणजे दुसऱ्याच्या मुलांवर ढकलणं, असं वाटून लोक ते टाळतात. पण कारण खरं असेल तर सांगायला काय हरकत आहे? एखादा नोड नव्या शाळेला रस्त्यानं जास्त जवळ असेल, तिथली मुलं पुढे त्याच मिडल स्कूलला जाणार असतील, मोठा हमरस्ता ओलांडावा लागत नसेल, तर ते लिहा. आणि कधी कधी हिशेब मांडून पाहिल्यावर कळतं की खरोखर तुमचाच नोड योग्य आहे. तेव्हा शक्ती वाचवून पुढच्या गोष्टीवर लावा.

अशी पर्यायी मांडणी पहिल्या मसुद्यावरच द्यायची. शरद ऋतूच्या सुरुवातीला मसुदा येतो, त्यात सुधारणा होत जातात आणि वर्ष संपायच्या आत मंडळ मत देतं. अंतिम सभेत माइकसमोर मिळणाऱ्या दोन-तीन मिनिटांत नकाशा बदलताना मी क्वचितच पाहिलाय. पहिल्या मसुद्यावर आलेल्या लेखी सूचनांनी बदललेला मात्र अनेकदा पाहिलाय. मंडळाचे नऊ सदस्य नऊ मतदारसंघांतून निवडून येतात. तुमच्या सदस्याला आत्ताच एक पानाचं पत्र लिहा.

त्या पत्रात अशा गोष्टी लिहा ज्या कोणत्याही आकडेवारीत नसतात. आपल्याकडे आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात, गाडी चालवत नाहीत, आणि दुपारी नातवाला शाळेतून चालत घरी आणतात. दोन्ही पालक नोकरीला असलेल्या घरात ही व्यवस्था केवढी मोठी असते! शाळा चालण्याच्या अंतरातून बाहेर गेली की आफ्टर-स्कूलचा महिन्याचा खर्च सुरू होतो. नियोजन विभागाला फुटपाथ दिसतात, त्यावरून कोण चालतं ते दिसत नाही. तसंच कॅलेंडरचं. मुलगी इयर-राउंडच्या ट्रॅकवर असेल आणि मुलगा पारंपरिक कॅलेंडरवर गेला, तर दोघांच्या सुट्ट्या जुळणार नाहीत. भारतात जायचं कधी हा प्रश्न एकदाच येतो. पण मधल्या तीन-तीन आठवड्यांच्या सुट्टीत मुलीला कोण सांभाळणार, हा दर तिमाहीला येईल. भावंडांची कॅलेंडरं वेगळी होणं ही अडचण मंडळ गंभीरपणे घेतं, आणि तुमच्या प्रश्नात ती दोन कॅलेंडरांच्या उल्लेखात दडलेली होती. माझ्या मते तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे. घराच्या किमतीचा मुद्दा मात्र पत्रात घालू नका. मंडळाला तो विचारात घेता येत नाही आणि बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचं वजन कमी होतं.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. नव्या शाळेतल्या मुलांबद्दल वाईट बोलू नका. सभेत नाही आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही. मेरीलँडच्या हॉवर्ड काउंटीत २०१९ मध्ये सुमारे ७,४०० मुलं हलवायचा प्रस्ताव आला. विरोधातल्या काही पत्रांमध्ये गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांबद्दल जे लिहिलं गेलं ते देशभर छापून आलं. मंडळानं शेवटी ५,४०० च्या आसपास मुलं हलवलीच, आणि ती पत्रं मागे राहिली. तुमचा मुलगा उद्या त्याच वर्गात त्या मुलांशेजारी बसणार आहे. त्यांच्या आई-बापांनी तुमचं बोलणं ऐकलेलं असेल.

'ती शाळा कमी दर्जाची आहे' हेही तपासून पाहा. राज्य शाळांना ए ते एफ अशी श्रेणी देतं. तिचे ८० टक्के गुण मुलांच्या परीक्षेतल्या पातळीवर असतात आणि फक्त २० टक्के मुलांनी वर्षभरात केलेल्या प्रगतीवर. पहिला भाग बराचसा घरचं शिक्षण आणि उत्पन्न सांगतो. शाळेनं काय शिकवलं ते दुसरा भाग सांगतो. रिपोर्ट कार्डवर प्रगतीचा आकडा वेगळा दिलेला असतो, दोन्ही शाळांचा शेजारी ठेवून बघा. बी श्रेणीची शाळा प्रगतीत ए श्रेणीच्या पुढे असलेली मी अनेकदा पाहिली आहे. मग शाळेत जाऊन ठोस प्रश्न विचारा. एआयजीची (विशेष हुशार मुलांच्या कार्यक्रमातली) मुलं कशी हाताळता, गणितात पुढे असलेल्याला काय देता, किती शिक्षक गेल्या वर्षी सोडून गेले? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर श्रेणीपेक्षा जास्त बोलतं.

प्रस्ताव मंजूर झालाच तर? सध्या शाळेत असलेल्या मुलांना तिथंच राहण्यासाठी अर्ज करायची सोय साधारणपणे असते, पण त्यासोबत बस मिळेलच असं नाही. नियम दर वर्षीच्या योजनेत लिहिलेले असतात. ते शब्द न् शब्द वाचा आणि अर्जाच्या मुदती आजच कॅलेंडरवर घाला. मुदत चुकलेल्या अर्जाला कोणी दयामाया दाखवत नाही. पूर्वी बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबांना 'कॅप' लागलेल्या (गर्दीमुळे नव्यानं आलेल्यांना प्रवेश बंद केलेल्या) शाळांमधून दुसरीकडे पाठवलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्याच नियमामुळे, एकदा स्वतःहून शाळा सोडली तर परत येणं अवघड होऊ शकतं, हे लक्षात ठेवा.

तुमचा मुलगा पुढच्या वर्षी तिसरीत जाईल, म्हणजे प्राथमिकची तीन वर्षं उरतात. तीन वर्षं रोज दोन वेळा तुम्हीच गाडीनं सोडणं-आणणं जमणार असेल, तर राहण्याचा अर्ज करा, त्यात दोघांचं कॅलेंडरही जुळलेलं राहील. जमणार नसेल, तर उरलेल्या दोन वर्षांत कधीतरी अर्धवट हलवण्यापेक्षा तिसरीच्या सुरुवातीलाच हलवा. त्या वर्षी तुमच्या सबडिव्हिजनमधली सगळीच मुलं नवी असतील, बसमध्ये ओळखीचे चेहरे असतील. मुलगी सातवीतून आठवीत जाते आहे, तिच्या मिडल स्कूलला हात लागलेला नाही असं प्रस्तावात दिसत असेल, तरी हायस्कूलचा नकाशा आत्ताच उघडून पाहा. उदाहरणार्थ, तुमच्याच भागातल्या ग्रीन लेव्हल हायस्कूलच्या इमारतीत २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षं एपेक्स हायस्कूलची मुलं बसली, कारण त्यांची जुनी इमारत पाडून नवी बांधायची होती. आणि २०१९ मध्ये ग्रीन लेव्हल स्वतःची म्हणून उघडली तेव्हा आजूबाजूच्या हद्दी पुन्हा हलल्या. तुमच्या भागात असं पुढचं कोणतं बांधकाम ठरलं आहे, ते जिल्ह्याच्या बांधकाम आराखड्यात वर्षासकट मिळेल. मुलीच्या नववीच्या वर्षाशी ते जुळवून पाहा, आणि सदस्याला पत्र लिहाल त्यात त्याबद्दलही एक प्रश्न घाला.